द्राक्षवेलीची खरड छाटणी व उन्हाळ्यातील निगा

नाशिक जिल्ह्यात मार्चअखेर द्राक्षाचा हंगाम आटोपू लागतो. निफाड, दिंडोरी, चांदवड व नाशिक या तालुक्यांतील बागांतून शेवटचे घड उतरतात, पेट्या भरून बाजारास अगर निर्यातीस रवाना होतात, आणि पाच-सहा महिने बागेत राबलेला बागाईतदार थोडी उसंत घेतो. ही उसंत त्याने अवश्य घ्यावी. परंतु वेलीचे पुढील वर्षाचे काम याच वेळी सुरू होत असते, ही गोष्ट त्याने विसरता कामा नये. पुढील हंगामात वेलीस घड किती लागणार, याचा निर्णय एप्रिल, मे व जून या तीन महिन्यांत, बाग रिकामी दिसत असताना होतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड डोळ्यांस दिसतो एवढेच. त्याची घडण उन्हाळ्यात झालेली असते. यास्तव फळे उतरल्यानंतरची खरड छाटणी व तिच्या पाठोपाठची निगा यांचा येथे क्रमवार विचार केला आहे.

वर्षातून दोन छाटण्या का?

फ्रान्स, इटली यांसारख्या थंड देशांत हिवाळ्यात द्राक्षवेलीची सर्व पाने गळतात व वेल झोपी जाते. त्या अवस्थेत तिची एकदाच छाटणी करतात. वसंत ऋतूत नवी फूट येते, तिच्यावर घड येतात, आणि त्याच फुटीच्या पानांच्या बगलेतील डोळ्यांत पुढील वर्षाचे घड तयार होऊ लागतात. म्हणजे चालू वर्षाचे पीक पोसणे व पुढील वर्षाच्या पिकाचा पाया घालणे ही दोन्ही कामे तेथील वेल एकाच वेळी करते.

नाशिककडील हिवाळा वेलीस झोपविण्याइतका कडक नसतो. येथे वेल वर्षभर हिरवी राहते. तिला मोकळी सोडल्यास ती शेंड्याकडे धावत सुटते आणि बुडाकडील भाग उघडा पडतो. त्यावर या भागातील बागाईतदारांनी वर्षातून दोन छाटण्यांचा मार्ग स्वीकारला. एप्रिल छाटणीनंतर जे घड येत ते पावसाळ्यात पिकत, आंबट राहत व सडत. ऑक्टोबर छाटणीनंतरचे घड थंडीत वाढून फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पिकत व गोड होत. म्हणूनच ऑक्टोबरच्या छाटणीस गोडी छाटणी हे नाव पडले. पुढे एप्रिल छाटणीनंतरचे पीक घेण्याचे सोडून देण्यात आले, आणि ती छाटणी केवळ काडी तयार करण्यासाठी राखून ठेवण्यात आली. थंड देशातील वेल जी दोन कामे एकाच वेळी करते, ती नाशिकची वेल दोन हंगामांत वाटून घेते. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ सर्वस्वी पुढील पिकाच्या पायाभरणीचा असतो. या काळात दुर्लक्ष झाल्यास नंतर दिलेल्या कोणत्याही खताने वा औषधाने ती उणीव भरून निघत नाही.

जात बदलली तसे उन्हाळी निगेचे महत्त्व वाढले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पूर्वी नाशिक भागात भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, हबशी या जाती होत्या व वेली पांगाऱ्याच्या खुंटावर चढवीत. भोकरीच्या काडीस बुडाजवळच्या डोळ्यांतूनही घड येत. त्यामुळे आखूड छाटणी करूनही पीक मिळे. पुढे हैद्राबादकडून अनाबेशाही आली, आणि नंतर बिनबियांच्या थॉमसन सीडलेसचा प्रसार झाला. या काळात बागाईतदार संघटित झाले; महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची स्थापना १९६० साली झाली. थॉमसनमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात सांगली जिल्ह्यातील बागाईतदारांनी पुढे आणली. १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे द्राक्षासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. थॉमसन व तिच्यापासून निघालेल्या जातींत काडीच्या बुडाकडील डोळे बहुधा वांझ असतात. घड मधल्या डोळ्यांत असतो. सबब काडी कशी घडविली जाते, मधले डोळे कोणत्या हवेत व कोणत्या पोषणावर तयार होतात, यावर सारे पीक अवलंबून राहते.

डोळ्यात काय घडते?

छाटणीनंतर फूट निघाली की प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा तयार होतो. हा डोळा बाहेरून एक दिसला तरी त्याच्या आत एक मुख्य व दोन दुय्यम कोंब असतात. मुख्य कोंबाच्या कडेस पेशींचा एक सूक्ष्म उंचवटा निघतो. हा उंचवटा प्रारंभी घडही नसतो व बाळीही नसते. पुढील काही आठवड्यांत त्यास भरपूर ऊन, वेलीत साठलेले पिष्ट व योग्य पोषण लाभले तर त्यास शाखा फुटून त्याचा घड बनतो. ऊन कमी पडले, फूट अतिजोमाने वाढत राहिली अगर अन्नसाठा अपुरा पडला, तर त्याच उंचवट्याची बाळी होते.

घड व बाळी ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत, याची खूण बागेतच पाहावयास मिळते. पुष्कळ वेळा एखाद्या बाळीच्या टोकास दोन-चार मणी लटकलेले दिसतात. तो घड होता होता राहिलेला असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागाईतदार ज्यास घड जिरला असे म्हणतात, त्या तक्रारीचे मूळही बहुतेक वेळा उन्हाळ्यात सापडते. घड डोळ्यात दुबळा राहिलेला असल्यामुळे फुटताना तो टिकत नाही.

हा उंचवटा घडाची दिशा धरू लागतो तो काळ खरड छाटणीनंतर सुमारे ४० दिवसांनी सुरू होतो व ७० दिवसांपर्यंत चालतो. ही क्रिया काडीच्या बुडाकडून शेंड्याकडे पुढे सरकते. त्यामुळे या महिन्याभरात एखादा आठवडा ढगाळ गेला, तर काडीवरील त्या वेळी तयार होत असलेले डोळे दुबळे राहतात व त्यांच्या खालचे-वरचे डोळे चांगले असू शकतात. वेलीच्या निगेचे पुढील सर्व वेळापत्रक या ३० दिवसांभोवती बसवावयाचे असते.

छाटणीची वेळ : दिवसांचा हिशेब

वरील गोष्ट समजल्यावर छाटणीची तारीख ठरविणे अवघड नाही. नाशिक भागात पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या मध्याच्या सुमारास सुरू होतो. त्यापूर्वी डोळ्यातील घडनिर्मितीचा मोठा भाग आटोपला पाहिजे. तीन तारखा घेऊन हिशेब केला असता तो असा दिसतो :

१ एप्रिल रोजी छाटणी केल्यास ४० वा दिवस ११ मे रोजी व ७० वा दिवस १० जून रोजी येतो. सर्व काळ उन्हाचा मिळतो.

१० एप्रिल रोजी केल्यास ४० वा दिवस २० मे व ७० वा दिवस १९ जून. बहुतेक काळ उन्हाचा, शेवटचे काही दिवस ढगाळ.

५ मे रोजी केल्यास ४० वा दिवस १४ जून व ७० वा दिवस १४ जुलै. जवळजवळ सर्व काळ ढगांखाली जातो.

यावरून एप्रिलचा पहिला पंधरवडा ही छाटणीची उत्तम वेळ ठरते. एप्रिल संपेपर्यंत छाटणी निभावते. मे महिन्यातील छाटणी म्हणजे बहुतेक जाणूनबुजून स्वीकारलेली तूट होय. बागलाण, कळवण भागातील पूर्वहंगामी बागांची फळे लवकर उतरतात व त्यांच्या दोन्ही छाटण्या आधी होतात. तेथे तारखा निराळ्या, परंतु दिवस मोजण्याची रीत हीच.

पाऊस नेहमी तिथीने येत नाही, हेही अलीकडे दिसून आले आहे. २०२५ साली मे महिन्यातच महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाऊस झाला आणि मोसमी वारे २६ मे रोजी मुंबईस पोहोचले. ज्या बागांची छाटणी एप्रिलच्या अखेरीस झाली होती, त्यांचा ४० वा दिवस अशा वर्षी उगवतो तोच ढगाळ हवेत. पाऊस बागाईतदाराच्या हाती नाही; छाटणीची तारीख, फुटींची संख्या, मांडवातील प्रकाश व नत्राचे प्रमाण ही त्याच्या हाती आहेत. हवा प्रतिकूल असताना या चार गोष्टींचे मोल वाढते, कमी होत नाही.

छाटणीपूर्वीची विश्रांती

फळे उतरताच वेल कापून टाकण्याची घाई करू नये. घड पोसताना वेलीतील अन्नसाठा खर्च झालेला असतो. छाटणीनंतर नवी फूट स्वतःच्या पानांवर जगू लागेपर्यंत ती खोड, ओलांडे व मुळ्या यांत साठलेल्या अन्नावरच वाढते. हा साठा भरून निघण्यास फळे उतरल्यापासून निदान १५ ते २० दिवसांचा अवधी द्यावा. या काळात वेलीवरील पाने हिरवी व कार्यक्षम राखावीत. पीक गेले म्हणून पाणी एकदम तोडणे व औषधांकडे पाठ फिरविणे ही सार्वत्रिक चूक आहे. हलके पाणी चालू ठेवावे आणि भुरी व पिठ्या ढेकूण यांवर नजर असावी.

याच काळात बोद मोकळे करावेत. ओळीच्या एका बाजूस उथळ चारी काढून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत व मातीपरीक्षणाच्या अहवालानुसार स्फुरदाचे खत घालून चारी मातीने झाकावी. चारी काढताना काही जुन्या मुळ्या तुटतात. त्या जागी नव्या पांढऱ्या मुळ्या फुटतात व त्याच वेलीस अन्न पुरवितात. मात्र जाड मुळ्यांना इजा पोहोचेल इतके खोल खणू नये. माती व पाणी यांचा नमुना तपासणीस देण्याची हीच योग्य वेळ होय.

काही वर्षी बाजारभावाच्या आशेने माल वेलीवर एप्रिलच्या मध्यापर्यंत ठेवला जातो. अशा वेळी विश्रांती व छाटणीची तारीख यांचा मेळ बसत नाही. त्या वर्षी विश्रांती थोडी कमी करावी, परंतु छाटणी मे महिन्यात ढकलू नये. उशिरा ठेवलेल्या मालास मिळणारा अधिक भाव व पुढील वर्षी कमी येणारे घड यांचा ताळेबंद बागाईतदाराने आधीच मांडून पाहावा.

प्रत्यक्ष छाटणी

खरड छाटणीत ओलांड्यावरील सर्व काड्या बुडाशी एक डोळा राखून कापतात. कात्री धारदार असावी. बोथट कात्रीने काडी चिरडते व तेथून रोग शिरतो. काप डोळ्याच्या वर सुमारे अर्धा इंच ठेवावा. ओलांड्यास अगदी चिकटून कापल्यास बुडाचा डोळा दुखावतो आणि ओलांड्यावर जागा मोकळी पडते. याउलट दोन-तीन डोळे राखल्यास फूट वरच्या डोळ्यांतून येते व दरवर्षी फुटीची जागा ओलांड्यापासून दूर सरकत जाते. वाळलेल्या खुंट्या, खोडावरील सैल साल व रोगट भाग याच वेळी काढून टाकावा. सालीखाली पिठ्या ढेकणांचा आसरा असतो.

छाटणी आटोपताच खोड व ओलांडे यांना बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी असे मलमाचे प्रमाण आहे. मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा हा गुण १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो भागात केवडा रोगाविरुद्ध प्रथम सिद्ध झाला, व त्या गावाचेच नाव त्यास मिळाले. फवारणीसाठी मात्र याच एक-एक किलोस शंभर लिटर पाणी घ्यावे.

छाटलेल्या काड्या निरोगी असल्यास तुकडे करून बोदावर आच्छादन म्हणून वापराव्यात. करप्याचे डाग असलेल्या काड्या बागेत ठेवू नयेत. त्या बाहेर नेऊन नष्ट कराव्यात.

एप्रिलचे ऊन उघड्या ओलांड्यांवर पडते. अतिउष्णतेने डोळे मागेपुढे फुटतात आणि ओलांड्याची साल भाजते. छाटणीनंतर फूट निघेपर्यंत ओलांड्यांवर सकाळी व सायंकाळी पाणी फवारावे. शक्य असल्यास सावलीची जाळी अगर गोणपाट वापरावे. फूट एकसारखी यावी म्हणून पुष्कळ बागांत ओलांड्यांस हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे द्रव्य विषारी आहे. ते लावणाऱ्या मजुरांस हातमोजे, चष्मा व अंगभर कपडे पुरविणे ही मालकाची जबाबदारी होय. हे काम करण्याच्या आधी व नंतर काही दिवस मद्य वर्ज्य असते, कारण दोहोंचा संयोग जिवावर बेतू शकतो. पेठ, सुरगाणा या भागांतून छाटणीसाठी येणाऱ्या टोळ्यांना ही सूचना कामास हात लावण्यापूर्वी, त्यांना समजेल अशा बोलीत दिली जावी.

फुटींची विरळणी व काडीची बांधणी

फूट तीन ते पाच पानांची झाली की विरळणी करावी. सर्वच फुटी राखण्याचा मोह बागाईतदारास पडतो. अधिक फुटी म्हणजे अधिक काड्या व अधिक घड, असा त्यामागे हिशेब असतो. तो चुकीचा आहे. दाटीत पानांवर पाने पडतात, डोळ्यापर्यंत ऊन पोहोचत नाही, आणि पुष्कळ काड्यांपैकी थोड्याच फलदायी ठरतात. ९ × ५ फूट अंतरावरील बागेत वेलीमागे ३० ते ३५ काड्या पुरेशा होतात. अशक्त, जोड व खाली वाढणाऱ्या फुटी काढाव्यात आणि राखलेल्या फुटी ओलांड्याच्या दोन्ही बाजूंस सारख्या अंतराने पसराव्यात. विरळणी उशिरा केल्यास काढून टाकावयाच्या फुटींनी वेलीतील अन्न खाल्लेले असते. तेवढी नासाडी होते.

थॉमसन व तिच्या जातीच्या वेलींत सबकेन करण्याची पद्धत आता रूढ आहे. फुटीस सात-आठ पाने आली की तिचा शेंडा खुडतात. त्यामुळे वाढीचा जोर क्षणभर थांबतो, अन्न डोळ्यांकडे वळते, आणि शेंड्याजवळच्या डोळ्यातून बगलफूट निघते. तीच पुढे वाढू द्यावी. इतर बगलफुटी काढाव्यात. ज्या ठिकाणी शेंडा खुडला तेथे गाठ तयार होते, आणि या गाठीजवळचे डोळे बहुधा सर्वांत फलदायी असतात. ऑक्टोबर छाटणीत काप कोठे घ्यावा याचे दर्शनही ही गाठच घडविते. काडीवर एकूण सोळा-सतरा पाने झाली की शेंडा पुन्हा मारावा. त्यापुढील पाने वेलीस अन्न देण्यापेक्षा सावलीच अधिक देतात. काडी ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे साधारण शिसपेन्सिलीएवढी जाड असावी. अंगठ्याएवढी जाड काडी डौलदार दिसली तरी ती नत्राच्या जोमाची असते व तिच्यात घडांऐवजी बाळ्याच अधिक निघतात.

मांडवाखाली भरदुपारी उभे राहून जमिनीकडे पाहावे. उन्हाचे कवडसे सर्वत्र विखुरलेले दिसले तर मांडवातील प्रकाश ठीक आहे असे समजावे. सलग गडद सावली पडत असल्यास विरळणी कमी झाली आहे.

पाणी व खते

छाटणीपासून पहिले ४० दिवस फूट वाढविण्याचे असतात. या काळात पाणी मुबलक व नत्र बेताने परंतु नियमित द्यावे. ४० व्या दिवसानंतर हात आखडता घ्यावा. पाणी आधीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आणावे आणि नत्र थांबवावे. स्फुरद मात्र या अवस्थेत मिळाले पाहिजे. पाणी कमी करावयाचे याचा अर्थ वेल सुकवावयाची असा नव्हे. शेंड्याची वाढ मंदावली पाहिजे, पाने मात्र टवटवीत राहिली पाहिजेत. ६० व्या दिवसानंतर काडी पक्व होण्यासाठी पालाश द्यावे. नत्र, स्फुरद व पालाश यांचा हा क्रम फुटीची वाढ, घडाची घडण व काडीची पक्वता या तीन अवस्थांस अनुसरून आहे, हे समजून घेतल्यास तो पाठ करावा लागत नाही.

मात्रा ठरविताना शेजाऱ्याच्या बागेकडे पाहू नये. छाटणीनंतर ४५ व्या दिवशी काडीच्या बुडाकडून पाचव्या पानाचा देठ घेऊन तो प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, आणि अहवालानुसार खत द्यावे. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत लोह व जस्त यांची कमतरता वारंवार दिसते. पाने शिरांमध्ये पिवळी पडू लागल्यास वेळीच उपाय करावा. बोदावर उसाचे पाचट पसरल्यास मेच्या उन्हात ओल टिकते व पाण्यात बचत होते.

वाढनियंत्रकांविषयी सावधगिरी

फुटीचा जोर आवरण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड हे द्रव्य पुष्कळ वर्षे वापरात होते. त्याचा परिणाम दिसतो, म्हणून मात्रा वाढत गेल्या. हे द्रव्य वेलीत दीर्घकाळ राहते व पुढे मण्यांत उतरते. २०१० साली युरोपात पाठविलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचा अंश तेथील मर्यादेपेक्षा अधिक आढळला, माल अडला, आणि निर्यातदार व बागाईतदार या दोघांसही मोठे नुकसान सोसावे लागले. एप्रिल-मे मध्ये केलेल्या फवारणीचा जाब फेब्रुवारीत, समुद्रापलीकडे द्यावा लागला. यावरून घ्यावयाचा बोध असा की जे काम विरळणी, शेंडा खुडणे, नत्र आवरणे व पाणी कमी करणे यांनी होते, त्यासाठी औषधाची बाटली उघडू नये. कोणतेही द्रव्य वापरण्यापूर्वी ते निर्यातीच्या चालू वर्षाच्या यादीत मान्य आहे काय, याची खात्री करावी व फवारणीची नोंद तारखेसह ठेवावी.

कीड व रोग

डोळे फुगू लागताच उडद्या भुंगेरे ते कुरतडतात. एक कुरतडलेला डोळा म्हणजे एक गमावलेली काडी होय. म्हणून फूट निघण्याच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ बाग फिरून पाहावी. कोवळ्या फुटीवर फुलकिडे येतात. पाऊस सुरू झाला की कोवळ्या शेंड्यांवर करपा व पानांवर केवडा दिसू लागतो. ज्या बागेतील शेंडे वेळीच मारलेले आहेत तेथे कोवळी फूट कमी असते व करप्यास थारा मिळत नाही. जून ते सप्टेंबर या काळात एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या पाने राखण्यास उपयोगी पडतात. पाने अकाली गळाल्यास काडी कच्ची राहते, आणि काही वेळा पावसाळ्यातच डोळे फुटून पुढील पीक वाया जाते.

काडीची पक्वता व डोळ्यांची तपासणी

ऑगस्टअखेर काडी बुडाकडून तपकिरी होत जाते. काडी आडवी कापून पाहिल्यास पक्व काडीचे भेंड तपकिरी दिसते. हिरवट भेंड कच्चेपणा दर्शविते. कच्च्या काडीची बाग घाईने छाटू नये.

गोडी छाटणीपूर्वी आठ-दहा दिवस बागेच्या निरनिराळ्या भागांतून काड्यांचे नमुने घेऊन त्यांचे डोळे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावेत. डोळा उकलला असता आतील घड स्पष्ट दिसतो. कोणत्या क्रमांकाच्या डोळ्यात घड आहे हे कळल्यावर काप कोठे घ्यावा याचा प्रश्न उरत नाही. मे-जूनमधील ढगाळ हवेने गाठीजवळचे डोळे दुबळे राहिले असतील, तर काही डोळे पुढे छाटून पीक वाचविता येते. सवयीने दरवर्षी एकाच डोळ्यावर कापणाऱ्या बागाईतदारास ही संधी मिळत नाही. जेथे तपासणीत घड फारच कमी आढळतात, तेथे निदान खर्च बेताने करण्याची सूचना वेळीच मिळते. कर्ज काढून उभ्या केलेल्या बागेत या सूचनेचे मोल थोडे नाही.

नोंदवही ठेवावी

प्रत्येक बागाईतदाराने बागेची एक वही ठेवावी. तिच्यात खरड छाटणीची तारीख लिहून तिच्यापुढे ४० वा व ७० वा दिवस मांडावा. त्या ३० दिवसांत ढग किती दिवस होते, पाऊस केव्हा पडला, पाणी व खत किती दिले, शेंडा केव्हा मारला हे रोज एका ओळीत टिपावे. ऑक्टोबरात डोळ्यांच्या तपासणीचा निकाल व नंतर वेलीमागे मोजलेले घड त्याच पानावर लिहावेत. तीन-चार वर्षांत ही वही त्या जमिनीचे, त्या पाण्याचे व त्या बागेचे शास्त्र सांगू लागते. ते अन्य कोणत्याही पुस्तकात मिळावयाचे नाही.

सारांश, फळे उतरल्यावर वेलीस विश्रांती द्यावी, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एका डोळ्यावर खरड छाटणी करावी, फुटी मोजक्या ठेवाव्यात, ४० ते ७० या दिवसांत डोळ्यांवर ऊन पडू द्यावे व नत्र आवरावे, आणि पाने सप्टेंबरपर्यंत टिकवावीत. एवढे केले म्हणजे गोडी छाटणीच्या वेळी बागाईतदारास नशिबाकडे पाहावे लागणार नाही. त्याच्या हातातील काडीच त्यास पुढील हंगामाचे उत्तर देईल.